संध्याकाळचा डोस

"मला कामावर परत घ्यायला लावा, असं सांगायला मी आलेली नाही," सिस्टर म्हणाली. "माझे हात घाण नाहीत, एवढंच कुणीतरी सिद्ध करून द्या."

ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. मांडीवर पर्स आणि पर्सखाली दोन्ही हात.

खाजगी तपास हा वहिनींचा व्यवसाय. त्यांचा दीर विमा कंपनीतून निवृत्त झाला आणि त्यांची गाडी चालवू लागला. तो त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून अख्खी वसाहत त्यांना वहिनी म्हणू लागली. त्या त्याला भाऊजी म्हणायच्या, म्हणून तो सगळ्यांचाच भाऊजी झाला. तपासात भाऊजी कायम अर्धं पाऊल मागे असायचे आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

पेशंट पोहण्याचे कोच होते. अर्ध्या गावाला त्यांनी पोहायला शिकवलं होतं. त्यांच्या खुब्याचा सांधा बदलला होता, पण तो पिकला. पुन्हा ऑपरेशन करून साफ केला. मग हाडातला जंतू मरेपर्यंत कित्येक आठवडे शिरेतून औषध.

"त्यासाठी दंडातून एक बारीक, लांब नळी घालतात," सिस्टर म्हणाली. "तिचं आतलं टोक हृदयापाशी पोचतं. बाहेरचं टोक वीतभर लोंबतं, त्याला रबरी बूच असतं. ते बूच स्पिरिटच्या पट्टीनं चांगलं घासायचं आणि मगच सिरिंज लावायची."

"देत कोण होतं?"

"सकाळी मी. संध्याकाळचा डोस भरून फ्रीजमध्ये ठेवून यायचे. तो साहेब द्यायचे, म्हणजे कोचसरांचा मुलगा. फायर ब्रिगेडमध्ये अधिकारी आहेत. हॉस्पिटलात त्यांना शिकवलं होतं."

पहिली नळी डाव्या दंडात होती. बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एकदा सरांना हुडहुडी भरून ताप चढला, रक्तात जंतू सापडला आणि नळी काढावी लागली. रक्त स्वच्छ झाल्यावर दुसरी नळी उजव्या दंडात घातली. या खेपेला ताप फारच लवकर आला. जंतू तोच.

"साहेब आमच्या नर्सिंग ब्युरोत आले. ड्यूटीसाठी थांबलेल्या सगळ्या मुलींसमोर म्हणाले, ही बाई हात न धुता माझ्या बापाला हात लावते. लेखी तक्रारही केली. ब्युरोनं मला काढलं. आता मुली माझ्याशी बोलतात, पण बघतात माझ्या हातांकडे."

"तुमच्या हातून चूक झालीच नसेल?"

भाऊजींना हा प्रश्न कठोर वाटला. सिस्टरला वाटला नसावा.

"तेच तर कळत नाही," ती खाली बघून म्हणाली. "सगळी पद्धत पाळली, एवढं आठवतं. पण एखाद्या दिवशी घाईत काही राहून गेलं असेल तर? सरांचा जीव जाता जाता वाचला. माझ्यामुळे असेल, तर मला ते कळायला हवं."

"त्या घरात कधी काही खटकलं?"

"संध्याकाळच्या सिरिंजा संपायच्या, स्पिरिटच्या पट्ट्या मात्र उरायच्या. मी विचारलं, तर साहेब म्हणाले, आम्ही बाटलीतलं स्पिरिट वापरतो. जरा चिडलेच. मग मी विषय सोडला."

वहिनींनी कोचना हॉस्पिटलात फोन लावला. माझ्या डॉक्टरांना विचारा, घरीही जाऊन या, अशी परवानगी त्यांनी लगेच दिली. पण बोलणं संपल्यावरही ते फोन ठेवेनात.

*

डॉक्टरीणबाई लॅबच्या शेजारच्या खोलीत बसायच्या.

"हा जंतू माझ्या अंगावर आहे, तुमच्याही अंगावर आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्याच कातडीवर असतो. एरवी निमूट राहतो, उलट वाईट जंतूंना जागा देत नाही. पण प्लॅस्टिकच्या वाटेनं रक्तात शिरला, की पंचाईत करतो."

भाऊजींनी हळूच तळहात उलटा करून बघितला.

"मग रक्त काढताना कातडीवरूनच त्यात मिसळला नसेल कशावरून?" वहिनींनी विचारलं.

"पहिली शंका तीच येते. म्हणून रक्त दोन ठिकाणांहून घेतो, नळीतून आणि दुसऱ्या हाताच्या शिरेतून. दोन्हीत तोच उगवला आणि नळीतल्या रक्तात कितीतरी आधी. म्हणजे त्याचं बिऱ्हाड नळीतच होतं."

"दंडाच्या भोकातून शिरला असेल?"

"तसं वाटत नाही. तिथली कातडी दोन्ही वेळा स्वच्छ होती. लाली नाही, पू नाही. काढलेली नळी तपासली, तर बुचाच्या आतल्या बाजूला जंतूंची दाटी. तो बुचातून शिरला."

"खुब्यात हाच होता का?" भाऊजींनी विचारलं.

"नाही, तो याचा चुलतभाऊ. तोही पुष्कळांच्या नाकात, कातडीवर असतो, पण स्वभावानं तापट. गळवं, नखुरडं, पिकलेल्या जखमा ही त्याची कामं. तो सोनेरी उगवतो, हा पांढरा. आमच्याकडे दोघांची गल्लत होत नाही."

"आणि उपचार?"

"नळी काढणं हा पहिला उपचार. हा प्लॅस्टिकवर चिकट थर करून बसतो, त्यात औषध पोचत नाही. हाडासाठी चालू असलेल्या औषधाला तर तो जुमानतच नव्हता. म्हणून दुसरं औषध, साध्या सलाईनमधून. रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं, स्वच्छ आलं की नवी नळी." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "ती मी आता घालणार आहे. पण घरात काय चुकतंय ते मला कळलेलं नाही. पुढच्या वेळी हा हृदयाच्या झडपेवर जाऊन बसला, तर सरांचं वय बघता मला काही सांगता येत नाही."

*

कोचच्या घराचं दार सुनेनं उघडलं. तिच्या उजव्या हाताच्या एका बोटाला जाड पट्टी होती. भाऊजींनी वहिनींकडे अर्थपूर्ण नजर टाकली.

"नखुरडं झालंय," ती पट्टी मागे घेत म्हणाली. "बाबांना ताप आला त्याच सुमाराला झालं. मी कुणाला दाखवलं नाही. माझ्यामुळेच झालं असेल तर, या भीतीनं. डॉक्टरांकडेसुद्धा गेले नाही."

"आज जा. पू काढावा लागेल आणि औषधही घ्यावं लागेल," वहिनी म्हणाल्या. "नळीला हात लावायचात कधी?"

"कधीच नाही. ते ह्यांचं काम."

कोचबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. बसा म्हणायच्या आधीच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"त्यांचा दंड फार खाजायचा हो. सिस्टर नको म्हणायची, तरी मी पट्टीची कड उचलून बोट घालायचे. एकदा नाही, पुष्कळदा. आणि खरं सांगू? मला तो दंड बघवायचा नाही. सगळं सिस्टर आणि मुलगा बघतात, म्हणून मी मनातून सुटले होते. इतकी वर्षं संसार केला, आणि मला त्यांची किळस आली."

त्यांनी पदरानं तोंड झाकलं. सुनेनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पट्टी नसलेला.

"संध्याकाळी डोसच्या वेळी खोलीत कोण असायचं?"

"बाप आणि लेक, दोघंच. दार लावून घ्यायचे. जंतू येऊ नयेत म्हणून, असं तो सांगायचा."

खोली नीटनेटकी होती. हातांची एक खुर्ची, तिच्या डाव्या बाजूला छोटं टेबल, टेबलावर औषधांचा ट्रे. दुसरी खुर्ची पार पलीकडे, खिडकीबाहेर तोंड करून ठेवलेली. वहिनी पहिल्या खुर्चीत बसल्या. मान न वळवता त्यांनी डावा हात ट्रेवर नेला, मग उजवा नेऊन बघितला. उजव्यासाठी अंगाला पीळ द्यावा लागला.

"हे टेबल कायम इथेच असायचं?"

"नाही," कोचबाई म्हणाल्या. "आधी उजवीकडे होतं. दुसरी नळी घातल्यावर त्यांनीच ते डावीकडे सरकवायला लावलं."

ट्रेमध्ये स्पिरिटच्या पट्ट्यांचा खोका जवळजवळ भरलेला होता. बाजूला स्पिरिटची बाटली. वहिनींनी ती उचलून उजेडात धरली. सील तसंच होतं.

कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात सिरिंजांची प्लॅस्टिकची टोपणं पडली होती. वहिनींनी रुमालात धरून एक बाहेर काढलं आणि भाऊजींपुढे केलं.

"चेपलंय," भाऊजी म्हणाले.

"कशानं?"

"पायाखाली आलं असेल."

वहिनींनी ते रुमालात गुंडाळून ठेवलं.

गाडीत बसल्यावर भाऊजी म्हणाले, "मला विचाराल तर सून. नखुरडं लपवलं तिनं."

"नखुरडं म्हणजे सोनेरी भाऊ. रक्तात पांढरा सापडला."

"मग कोचबाई. पट्टीखाली बोट घालायच्या."

"तसं असतं, तर भोकापाशी लाली दिसली असती. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

भाऊजींनी विचार केला. "म्हणजे सिस्टरच की," ते नाराजीनं म्हणाले.

*

मुलगा फायर स्टेशनच्या आवारात भेटला. उंच, रुंद खांद्यांचा माणूस. जळत्या इमारतीतून त्यानं दोन लेकरं बाहेर काढली होती. त्याचा फोटो दारातच लावलेला होता आणि तो त्या फोटोकडे पाठ करून उभा होता.

"सिस्टरनं पाठवलंय ना तुम्हाला? तिला म्हणावं, माझा बाप मरता मरता वाचलाय."

"बूच कशानं पुसायचात?"

"स्पिरिटनं. बाटली आहे घरात."

"आणि पुसताना नळीचं टोक कुठल्या हातात धरायचात?"

प्रश्न साधा होता. त्यानं आपल्या हातांकडे बघितलं, आधी एक पुढे केला, मग दुसरा.

"ते काय लक्षात ठेवायची गोष्ट आहे का?"

"नाही. हाताला आपोआप आठवते." वहिनींनी आवाज खाली आणला. "साहेब, तक्रार मागे घ्यायची असेल, तर आज घेता येईल. कारण विचारायला मी येणार नाही."

त्याचा चेहरा लाल झाला. काही क्षण तो बोलणार असं वाटलं. तेवढ्यात आतून कुणीतरी त्याला हाक मारली आणि सुटका झाल्यासारखा तो निघून गेला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलच्या खोलीत सगळे जमले. कोच उशीला टेकून बसले होते आणि उजव्या हातानं केस विंचरत होते. नळी नुकतीच काढलेली, म्हणून त्या दंडावर पट्टी होती. हात वर नेताना दुखत होतं, तरी कंगवा त्याच हातात. कोचबाई आणि सून बाकावर होत्या. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. सिस्टर दारातच थांबली होती, आत यायला तयार नव्हती.

"जंतू कुणाच्या अंगावरचा, हे शोधण्यात अर्थ नव्हता," वहिनींनी सुरुवात केली. "तो सगळ्यांच्या अंगावर आहे. शोधायचं होतं ते हे, की बुचावर उघडी कातडी कुणाची आणि का लागली. सूनबाईंच्या बोटातला जंतू वेगळा. काकूंचं बोट पट्टीखाली जायचं, बुचाला नाही. काकू, तुमच्यामुळे हे झालं नाही."

कोचबाईंनी मान हलवली, पण वर बघितलं नाही.

"उरले बूच हाताळणारे. सकाळी सिस्टर, संध्याकाळी साहेब. सकाळच्या पट्ट्या वापरल्या जात होत्या, संध्याकाळच्या उरत होत्या. बाटली वापरतो, असं साहेब म्हणाले. त्या बाटलीचं सील अजून फुटलेलं नाही. म्हणजे संध्याकाळी बूच पुसलंच जात नव्हतं."

"असं झालं असेल एखाद्या वेळी," मुलगा म्हणाला.

"मलाही आधी तुमचा आळसच वाटला. मग टेबल बघितलं. पहिली नळी सरांच्या डाव्या दंडात, तेव्हा ट्रे उजवीकडे. दुसरी उजव्या दंडात, तर ट्रे डावीकडे. देणारा माणूस नळीच्या बाजूला उभा राहतो. ट्रे त्याच्या हाताशी असायला हवा. हा ट्रे दोन्ही वेळा सरांच्या मोकळ्या हाताशी होता."

भाऊजींचं तोंड हळूहळू उघडलं.

"आणि हे," वहिनींनी रुमाल उलगडला. "सिरिंजचं टोपण. यावर दातांच्या खुणा आहेत. दोन हात असलेला माणूस टोपण दातांनी कशाला काढेल? एकाच हातानं काम करणाऱ्याला दात लागतात. त्याला पट्टीचं पाकीट फाडून बूच घासणं जमत नाही. नळीचं टोक धरायलाही दुसरा हात नसतो. मग तो ते कुठेतरी दाबून धरतो. हनुवटीखाली म्हणा, छातीशी म्हणा. उघड्या कातडीशी."

कोचनी कंगवा खाली ठेवला.

"पहिली नळी बरेच दिवस टिकली, कारण तेव्हा उजवा हात मोकळा होता. सर उजवे आहेत. दुसऱ्या वेळी सगळं डाव्या हातानं करावं लागलं. धडपड वाढली आणि ताप लवकर आला. सिस्टरचे हात मात्र दोन्ही वेळा तेच होते."

"पुरे," कोच म्हणाले. "मीच घेत होतो. हनुवटीखालीच धरायचो. त्याला काही विचारू नका."

"बाबा," मुलगा म्हणाला.

"तू गप्प बस."

"नाही बाबा." तो भिंतीपासून बाजूला झाला. उभं कसं राहायचं हेच त्याला सुचत नव्हतं. "पहिल्या दिवशी दिला मी डोस. टोक हृदयापाशी आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. सिरिंजमध्ये एक बुडबुडा दिसला. नसेलही, पण मला दिसला. वाटलं, मी दाबलं आणि बाबा माझ्या हातून गेले तर? हात इतका थरथरायला लागला, की सिरिंज खाली पडली. दुसऱ्या दिवशीही तेच. बाबा म्हणाले, दे इकडे. मग रोज मी खिडकीबाहेर बघत बसायचो आणि ते... झालं की सांगायचे. मग मी दार उघडायचो."

"मला का नाही सांगितलं?" सुनेनं विचारलं. "मी दिला असता."

"तुला काय सांगू? लोकांना आगीतून काढणारा माणूस सिरिंजला भितो म्हणून?"



"पाण्याला भिणाऱ्या पोराला मी कधी ढकललं नाही," कोच म्हणाले. "याला कसा ढकलणार? एवढंच होतं माझ्या मनात. पण सिस्टरला काढलं, तेव्हा मी याच पलंगावर होतो, चांगला शुद्धीत होतो. एक वाक्य बोललो असतो, तर पुरलं असतं. पोराची लाज झाकायला मी दुसऱ्याची लेक उघडी पाडली." ते दाराकडे वळले, पण त्यांची नजर सिस्टरच्या चेहऱ्यापर्यंत पोचली नाही. "तुम्ही रोज सकाळी मला विचारायचात, झोप लागली का. मी हो म्हणायचो."

मुलगा सिस्टरसमोर जाऊन उभा राहिला. "माझं चुकलं. मला माफ करा. तक्रार मी आजच मागे घेतो."

सिस्टरनं त्याला पूर्ण बोलू दिलं.

"इथे नको," ती म्हणाली. "इथे सगळी तुमचीच माणसं आहेत. जिथे बोललात, तिथे येऊन सांगा."

*

ब्युरोचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. सकाळी तिथे ड्यूटीसाठी थांबलेल्या सिस्टर भिंतीलगतच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या असत. वहिनी आणि भाऊजी दाराशी उभे राहिले. आत जायचं दोघांनाही जड वाटत होतं.

मुलगा साध्या कपड्यांत आला होता. धुरातून माणसांना हुकूम देणारा त्याचा आवाज त्या खोलीत जेमतेम दोन बाकांपर्यंत पोचला.

"मी ज्या सिस्टरबद्दल बोललो होतो, त्यांची काही चूक नव्हती. चूक माझ्या घरात होती. मला भीती वाटली आणि ती मी लपवली."

मागच्या बाकावर एक वयस्क सिस्टर होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"मागे ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

भाऊजींनी मान खाली घातली. मुलाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तो वळला आणि या वेळी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. सिरिंज खाली पडली हे सांगितलं, खिडकीचं सांगितलं, बाप एका हातानं काय करत होता तेही सांगितलं. संपल्यावर तो तिथेच उभा राहिला. आता जायचं, की कुणी काही म्हणण्याची वाट बघायची, ते त्याला कळेना.

ज्या सिस्टरबद्दल हे सगळं, ती पुढच्याच बाकावर होती. ब्युरोच्या बाईंनी सकाळीच तिला नव्या पेशंटचा पत्ता दिला होता. तिनं पर्स खांद्याला लावली आणि उठली.

"सरांची नवी नळी कधी घालणार?" तिनं विचारलं.

"परवा. रक्त स्वच्छ आलंय. तुम्ही याल का घरी?"

"नाही," सिस्टर म्हणाली. "तुमच्या घरी मी येणार नाही. उद्या दुपारी हॉस्पिटलात येईन आणि सूनबाईंना शिकवीन. बोट बरं होईपर्यंत त्यांना हातमोजे घालायला सांगा. शिकायचं असेल, तर तुम्हीही या. हात थरथरला तरी चालतो. फक्त तसं सांगायचं असतं."

तो बाजूला झाला आणि ती त्याच्या शेजारून बाहेर पडली.